परराष्ट्र धोरण आणि बाबासाहेबांची कसोटी

परराष्ट्र धोरणाचा वस्तीतल्या माणसाशी काय संबंध? बाबासाहेबांनी तो आकड्यांत दाखवला. १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना ते म्हणाले होते की, देशाच्या ३५० कोटींच्या महसुलापैकी सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात, आणि ही चुकीच्या परराष्ट्र धोरणाची किंमत आहे.

१९५४ मध्ये भारत-चीन करारात ‘पंचशील’ आले. शब्द बौद्धांचा, पण माओंचा त्यावर विश्वास असता, तर त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना वेगळे वागवले असते, असे बाबासाहेबांनी राज्यसभेत सुनावले. १९६२ च्या युद्धाने हा इशारा खरा ठरवला.

म्हणून अलिप्ततावाद टाकाऊ ठरत नाही. १९५५ ला बांडुंगमध्ये जमलेल्या २९ आशियाई-आफ्रिकी देशांना महासत्तांचे प्यादे व्हायचे नव्हते. आज भारत ‘क्वाड’मध्ये अमेरिकेसोबत आहे आणि ‘ब्रिक्स’मध्ये रशिया-चीनसोबत. यालाच सामरिक स्वायत्तता म्हणतात.

ती तपासायची कसोटी मात्र बाबासाहेबांचीच: मित्र नावापुरता आहे की कृतीतला? आणि या धोरणामुळे शाळा, शिष्यवृत्ती, दवाखान्यांसाठी पैसा उरतो का? अर्थसंकल्प वाचताना कार्यकर्त्यांनी हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत.