खिमा गोठवायचा तर पातळ थापून

रविवारी खाटकाकडची रांग एकदाच सोसायची, आठवडाभराचं मटण आणायचं आणि लागेल तेवढं ठेवून बाकीचं फ्रीझरमध्ये टाकायचं, ही आता बऱ्याच मांसाहारी घरांची रीत झाली आहे. तुकड्यांच्या मटणाला ती बऱ्यापैकी चालते. खिम्याच्या बाबतीत मात्र दोन-तीन गोष्टी सांभाळल्या नाहीत तर चव जाते आणि कधी कधी तब्येतीवरही बेतते. यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे पाकिटाची जाडी, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

आधी खिमा वेगळा का, ते पाहू. बोकडाच्या मांडीच्या अखंड तुकड्यावर जे जंतू असतात ते बहुतेक बाहेरच्या बाजूला, सुरीचा, ओंडक्याचा, हातांचा स्पर्श झालेल्या भागावर असतात. तो तुकडा तापलेल्या भांड्यात परतला की बाहेरची बाजू आधी भाजली जाते. खिमा करताना हीच बाहेरची बाजू आत जाते आणि जंतू कणाकणात पसरतात. यंत्रातून काढलेल्या खिम्यात आधीच्या गिऱ्हाइकाच्या मटणाचे अंशही येऊ शकतात. शिवाय मांसाच्या पेशी फुटून रस सुटतो, म्हणजे जंतूंना ओलावा आणि अन्न दोन्ही मिळतं. चरबीत हवा मिसळते, त्यामुळे ती लवकर खवट होते. म्हणून 4 अंश सेल्सिअसच्या फ्रीजमध्येही कच्चा खिमा एक, फार तर दोन दिवस ठेवावा.

हे किती गंभीर आहे ते अमेरिकेला 1993 मध्ये कळलं. ‘जॅक इन द बॉक्स’ या साखळीतले नीट न शिजलेले बर्गर खाऊन सातशेहून अधिक माणसं आजारी पडली आणि चार मुलं दगावली. कारण होता ई. कोलायचा ओ157:एच7 हा प्रकार. हे जंतू रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यात राहतात, गाईगुरांप्रमाणे शेळ्या-मेंढ्यांच्याही. त्यामुळे पुण्यातला बोकडाचा खिमा असो, गोव्यातला बीफचा असो किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरातला लँबचा, काळजी सारखीच घ्यायची.

फ्रीझर काय करतो? उणे 18 अंशांवर जंतूंची वाढ थांबते. पण ते सगळे मरत नाहीत. खिमा पुन्हा सैल झाला की उरलेले जंतू पुन्हा वाढू लागतात. फ्रीजमध्ये दोन दिवस राहिलेला खिमा ‘आता वास यायला लागेल’ म्हणून फ्रीझरमध्ये ढकलला, तर आपण तो खराब होण्याच्या काठावर नेऊन गोठवलेला असतो आणि बाहेर काढताना तो त्याच काठावरून पुढे जातो. गोठवायचा असेल तर आणला त्याच दिवशी.

आता जाडीकडे येऊ. मांसात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. ते शून्य अंशाच्या जरा खाली गोठायला लागतं आणि उणे 5 अंशांपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा पाण्याचा बर्फ होतो. हा टप्पा झटकन ओलांडला तर बर्फाचे कण बारीक राहतात. रेंगाळत ओलांडला तर ते मोठे होतात आणि पेशींची आवरणं फाडतात. खिमा सैल झाल्यावर खाली जे लाल पाणी साचतं ते याचंच फळ. लोक त्याला रक्त समजतात, पण ते मांसातलं पाणी असतं आणि लाल रंग मायोग्लोबिन या प्रथिनाचा. ते जितकं जास्त सुटेल तितका खिमा कोरडा आणि चोथट लागणार.

खाटकाच्या पिशवीतला अर्धा किलो खिमा तसाच गोळा करून ठेवला तर साधारण 10 सेंटीमीटर व्यासाचा गोळा होतो. तोच 20 बाय 25 सेंटीमीटरच्या झिपच्या पिशवीत सारखा थापला तर जाडी जेमतेम 1 सेंटीमीटर भरते. थंडीला वरून मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या हिशेबात सरळ वाढत नाही. जाडी दुप्पट केली की वेळ दुपटीहून बराच जास्त लागतो, चौपटीपर्यंतही जातो. गोळ्याचं बाहेरचं कवच दगडासारखं झालं तरी मधला भाग कित्येक तास नुसता गार असतो. पातळ थापलेला खिमा लवकर गोठतो आणि, माझ्या मते याहूनही महत्त्वाचं म्हणजे, लवकर सैल होतो.

थापण्याआधी खिमा धुवू नका. धुतल्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर सिंकभर पसरतात; शिवाय खिम्यात राहिलेल्या पाण्याचाही बर्फ होतो. धुतल्याशिवाय मन मानत नसेल तर खाटकाला अखंड तुकडाच धुऊन, कोरडा करून मग खिमा करायला सांगावं. हळद-मीठ लावून ठेवायची सवयही इथे सोडावी. हळदीचं काही नाही, पण मिठामुळे चरबी खवट होण्याचा वेग वाढतो आणि ही क्रिया फ्रीझरमध्येही हळूहळू चालूच असते. कच्चा, आळणी खिमाच गोठवावा.

आपल्याकडे सकाळी कापलेलं मटण दोन-तीन तासांत घरी येतं, म्हणजे ते अजून कोमट असतं. असा खिमा थेट फ्रीझरमध्ये कोंबला तर शेजारच्या गोठलेल्या वस्तूही तापतात. पिशवीत थापून आधी तासभर फ्रीजमध्ये गार होऊ द्यावा. मग पिशवी ओट्यावर ठेवून तळहाताने हवा दाबून काढावी, झिप लावावी आणि चमच्याच्या दांड्याने वरून उभी-आडवी रेघ दाबावी, म्हणजे पुढे पाव किलो किंवा त्याहून कमी हवा असेल तर तेवढाच तुकडा मोडून घेता येतो. पिशवी स्टीलच्या ताटात आडवी ठेवून गोठवावी, कारण धातूतून उष्णता लवकर निघून जाते. पक्की झाली की पाकिटं कपाटातल्या वह्यांसारखी उभी लावता येतात. तारीख आणि वजन गोठवण्याआधीच मार्करने लिहावं. पिशवीला दव धरलं की शाई बसत नाही.

खाटकाची पातळ काळी पिशवी यासाठी उपयोगाची नाही. तिच्यातून हवा ये-जा करते. फ्रीझरमधली हवा अतिशय कोरडी असते, तिच्यामुळे उघड्या राहिलेल्या भागातला बर्फ पाणी न होताच वाफ होऊन उडून जातो आणि खिम्यावर करडे, सुकलेले चट्टे पडतात. त्याने कोणी आजारी पडत नाही, पण तेवढा भाग कितीही मसाला घातला तरी पुठ्ठ्यासारखाच लागतो. अर्धवट भरलेला डबाही नको, त्यात हवाच जास्त राहते.

किती दिवस टिकेल हे फ्रीझरवर ठरतं. काही फ्रीजवर बर्फाच्या कप्प्याच्या क्षमतेसाठी वेगळे तारे छापलेले असतात. वीजबचतीचे तारे ते निराळे. कप्प्याचा एक तारा म्हणजे उणे 6 अंश, दोन म्हणजे उणे 12, तीन म्हणजे उणे 18. पहिल्यात कच्चा खिमा आठवडाभर, दुसऱ्यात महिनाभर, तिसऱ्यात तीन-चार महिने चांगला राहतो. जुन्या एकदारी फ्रीजच्या कप्प्यात बोटभर बर्फ साचला असेल तर थंडी नीट पोचत नाही, तो आधी काढावा. फ्रीझरमध्ये ठेवायचा थर्मामीटर महाग नसतो. मटण साठवणाऱ्या प्रत्येक घरात तो असावा असं मला मनापासून वाटतं.

आता बाहेर काढण्याची वेळ. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, कारण सकाळी पाकीट ओट्यावर काढून कामाला जाणं सोयीचं वाटतं. पण गोठण्यापेक्षा सैल होण्याला जास्त वेळ लागतो. बर्फातून उष्णता पाण्यापेक्षा जवळजवळ चौपट सहज वाहते. गोठताना बाहेर बर्फाचा थर तयार होतो आणि तो आतली उष्णता भराभर बाहेर जाऊ देतो. सैल होताना बाहेर पाण्याचा थर होतो आणि तो उष्णतेला आत जाऊ देत नाही. त्यामुळे मधला गोळा बर्फ असतानाच बाहेरचा थर खोलीच्या तापमानाला येऊन तासन्‌तास बसतो. 4 ते 60 अंशांच्या मध्ये जंतू वाढतात आणि मनासारखी ऊब मिळाली तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. कच्चं मटण एरवी दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये. पारा 32 च्या वर असेल तर एकच तास. विदर्भातल्या मे महिन्यात हा तास किती लवकर संपतो ते सांगायला नको.

‘पुढे कुकरला लावणारच आहे, सगळं मरेल’ हे मी अनेक घरांत ऐकलं आहे. जंतू मरतील हे खरं. पण स्टॅफिलोकोकस ऑरियससारखे जंतू मरण्याआधी मांसात विष सोडून ठेवतात आणि ते उकळल्यानेही जात नाही. ओट्यावर दिवसभर राहिलेला खिमा शिजवून सुरक्षित होत नाही.

सगळ्यात चांगली जागा फ्रीजच. रात्री पाकीट खोलगट भांड्यात ठेवून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवावं, म्हणजे पिशवी फुटली तरी कोथिंबिरीवर किंवा दह्यावर थेंब पडणार नाही. एक सेंटीमीटरचं पाकीट सकाळपर्यंत सैल होतं. असा फ्रीजमध्येच सैल झालेला खिमा आणखी एक-दोन दिवस फ्रीजमध्ये राहू शकतो आणि बेत बदलला तर पुन्हा गोठवताही येतो. चव थोडी उतरते एवढंच.

घाई असेल तर झिप घट्ट लावून पाकीट थंड पाण्यात बुडवावं आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलावं. पाणी मात्र खरंच थंड हवं. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला गरमच येतं, तेव्हा पातेल्यात बर्फाचे खडे टाकावेत. पातळ पाकिटाला पहिलाच अर्धा तास पुरतो. मायक्रोवेव्हमध्ये वेगळी अडचण येते: या लहरी बर्फात फारशा शोषल्या जात नाहीत, पाण्यात भरपूर शोषल्या जातात. जो कोपरा आधी सैल होतो तोच पुढे तापत जातो आणि मध्ये बर्फ असतानाच कडा शिजायला लागतात. म्हणून डीफ्रॉस्टवर थोडं थोडं चालवून मधेमधे उलटावं. पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये सैल केलेला खिमा लगेच शिजवायचा. कच्चा परत ठेवायचा नाही. मोडलेला तुकडा गोठलेलाच कढईत टाकला तरी चालतं, फक्त वेळ साधारण दीडपट लागतो.

शिजवताना मधला भाग 71 अंशांवर जायला हवा, चिकनचा खिमा 74 वर. रस्सा खदखदत असेल तर काळजी नाही. धोका कटलेट आणि कबाबांत असतो. त्यांचा रंग फसवतो: आतून तपकिरी दिसलं तरी कच्चं असू शकतं, कारण गोठलेल्या मांसाचा रंग कच्चं असतानाच तपकिरीकडे झुकलेला असतो. मटर-खिमा शिजवून गोठवला तर दोन-तीन महिने उत्तम राहतो. बटाटा मात्र गरम करताना घालावा, गोठलेला बटाटा पाणचट आणि भुसभुशीत होतो.

राहिली वीज. भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण 48 तास थंड राहतो, अर्धा भरलेला 24 तास. वीज आल्यावर खिम्यात बर्फाचे कण असतील तर तो पुन्हा गोठवता येतो. आठवडाभर गावी जायचं असेल तर एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर नाणं ठेवून जावं. परत आल्यावर नाणं वाटीच्या तळाशी दिसलं, तर आपल्यामागे सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे असं समजावं आणि खिमा वास न घेता, चव न बघता टाकून द्यावा.