मनोरा दूर, फोन कानाशी

थळच्या किनाऱ्यावरून खांदेरीचा दीपस्तंभ तुम्ही पाहिला आहे काय? दिव्यापासून अंतर दुप्पट झाले, की प्रकाशाची तीव्रता चौथाई होते. मोबाइल मनोऱ्याच्या रेडिओलहरीही दूर जाताना अशाच क्षीण होतात. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून या लहरींची कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली: ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरमागे ०.४५ वॅट.

पण फोन तर कानाशीच असतो! त्याचे मानक निराळे: शरीराच्या ऊतींत शोषली जाणारी शक्ती दर किलोग्रॅममागे १.६ वॅटपेक्षा अधिक नको. होडी किनाऱ्यापासून लांब गेली, संकेत क्षीण झाला, की फोन आपली शक्ती वाढवतो. म्हणजेच मनोरा दूर हटवला, तर कानाजवळचे प्रारण उलट वाढू शकते! म्हणून संकेत क्षीण असताना संभाषण आवरते घ्या आणि फोन कानापासून दूर धरा.