उजेडाचा हिशेब – लेखांक ५ : शून्य रुपयांचं बिल

५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळुरूच्या रस्त्यावर विजेचे दिवे पहिल्यांदा लागले. ५ ऑगस्ट २०२३ रोजी कलबुर्गीत, म्हणजे आपल्या जुन्या गुलबर्ग्यात, मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी 'गृहज्योती' योजनेचं उद्घाटन केलं आणि त्याच सुमारास कर्नाटकातल्या घरांत शून्य रुपयांची वीजबिलं येऊ लागली. तारीख जुळली हा योगायोग. पण मधल्या ११८ वर्षांत विजेचं राजकारण कुठून कुठे आलं, हे या दोन दिवसांत नेमकं दिसतं.

गेल्या आठवड्यात आपण शिवनसमुद्रच्या धबधब्यापाशी थांबलो होतो. म्हैसूर संस्थानचे दिवाण के. शेषाद्री अय्यर यांनी तिथे वीजकेंद्र उभारायला घेतलं तेव्हा ती वीज घरांसाठी नव्हती. १९०२ साली ती तारांवरून सुमारे १४७ किलोमीटर दूर गेली ती कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे. खाण हे खात्रीचं गिऱ्हाईक होतं, रोख पैसे देणारं. त्या पैशावर केंद्र तगलं आणि मग तीन वर्षांनी शहराला उजेड मिळाला. दिवाणाला निवडणूक लढवायची नव्हती. आधी विकत घेणारा शोधा, मग गावाचं बघा, असं धोरण त्याला उघडपणे राबवता आलं.

आजच्या मुख्यमंत्र्याला ही सोय नाही. जानेवारी २०२३ मध्ये, विधानसभा निवडणुकीला चार महिने असताना, काँग्रेसने पहिली 'गॅरंटी' दिली ती घराघराला २०० युनिट वीज मोफत देण्याची. ही घोषणा झाली बेळगाव जिल्ह्यात. सीमाभागातल्या ज्या मराठी घरांतून हे सदर वाचलं जातं, त्यांच्या अंगणातच म्हणायची. मे महिन्यात काँग्रेसला २२४ पैकी १३५ जागा मिळाल्या. आता शब्द पाळणं आलं.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण वर्तमानपत्रं ती फारशी सांगत नाहीत. विजेचा दर मुख्यमंत्री ठरवत नाही. तो राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. वीज पुरवते ती वितरण कंपनी: बंगळुरूत बेस्कॉम, बेळगाव-धारवाडकडे हेस्कॉम. मुख्यमंत्र्याच्या हातात असते फक्त तिजोरी. त्याला कुणाला वीज स्वस्त किंवा फुकट द्यायची असेल, तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे सरकारने ती रक्कम कंपनीला आगाऊ भरायची असते. म्हणजे शून्य बिलामागे खरं बिल असतंच. ते विधानसौधाच्या पत्त्यावर जातं, एवढाच फरक. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात गृहज्योतीसाठी १०,१०० कोटी रुपये ठेवले गेले. पाचही गॅरंटी मिळून ५१ हजार कोटींच्या वर, आणि राज्याचा सगळा अर्थसंकल्प ४ लाख ९ हजार कोटींचा.

आता योजनेच्या पोटात शिरू. 'दोनशे युनिट मोफत' असं सगळे म्हणतात, पण प्रत्येक घराला दोनशे मिळत नाहीत. २०२२-२३ या वर्षात तुमच्या घरी महिन्याला सरासरी किती युनिट जळले ते काढतात, त्यावर दहा टक्के वाढवतात, आणि तेवढा तुमचा हक्क. दोनशे ही वरची मर्यादा. हक्काच्या वर पण दोनशेच्या आत गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे भरायचे. दोनशे ओलांडले तर त्या महिन्याचं सगळं बिल तुमचं. नव्या घराला मागची सरासरीच नसते, त्याला ५३ युनिट धरून दहा टक्के वाढवून ५८ दिले. पुढे, जानेवारी २०२४ मध्ये, ज्यांची सरासरी ४८ युनिटांच्या आत होती त्यांना दहा टक्क्यांऐवजी सरसकट दहा युनिट वाढवून द्यायचं ठरलं.

हे गणित मला पहिल्यापासून खुपतं. पंखा, दोन दिवे आणि एक टीव्ही एवढ्यावर चालणाऱ्या घराची सरासरी ४० आहे असं धरा. त्याला मोफत मिळणार ५०. फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन असलेल्या घराची सरासरी १८० धरा. त्याला मोफत मिळणार १९८. २०२४ च्या दराने, म्हणजे युनिटला ५ रुपये ९० पैशांनी, पहिल्या घराला सरकारकडून २९५ रुपयांची वीज आणि दुसऱ्याला ११६८ रुपयांची. स्थिर आकार आणि कर वेगळेच. ज्याच्याकडे आधीपासून जास्त होतं त्याला चौपट. उधळपट्टी रोखायला ही अट घातली हे मला मान्य आहे; सरसकट दोनशे दिले असते तर कितीतरी घरांनी वापर वाढवला असता आणि तिजोरी फाटली असती. पण गरीब घरात नवा फ्रिज आला की त्याचं बिल त्या घरानेच भरायचं आणि माझ्या घरातला जुना फ्रिज सरकारने चालवायचा, हे न्यायाचं नाही.

माझ्या घराचं सांगतो, म्हणजे हे दुसऱ्याकडे बोट दाखवणं होणार नाही. आमची सरासरी दीडशेची, हक्क १६५ चा. महिनोन् महिने शून्य बिल येतं. ते भरायची ऐपत आहे, भरायची तयारीही होती. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मात्र वठारात राहतात. वठार म्हणजे इथली चाळच, एका आवारात ओळीने खोल्या. त्यांच्या आवारात पाच बिऱ्हाडांना मिळून एकच मीटर आहे, मालकाच्या नावावर. पाच घरांचा वापर एकत्र मोजला की तो दोनशेच्या पुढे जातोच. मग योजना लागू नाही, आणि मालक युनिटमागे जो दर सांगेल तो मावशींनी द्यायचा. भाडेकरूंना योजनेत घेतलं हे सरकारने चांगलं केलं: बिलावरचा आरआर नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक, आधारशी जोडायचा, घर बदललं की जुना तोडून नवा जोडायचा. पण त्याला आधी स्वतःचं मीटर हवं. स्वतंत्र मीटर देण्याची मोहीम काढली असती तर माझ्या मते ती दहा टक्क्यांच्या वाढीपेक्षा मोठी गोष्ट ठरली असती.

दराकडे वळू. विधानसभेचा निकाल लागला १३ मे २०२३ ला. आदल्याच दिवशी आयोगाने दरवाढ जाहीर केली होती, सरासरी युनिटला ७० पैसे. जूनमध्ये बिलं आली तेव्हा नवं सरकार आलेलं, मोफत वीज अजून सुरू व्हायची होती आणि हातात वाढलेलं बिल. लोक चिडले. उद्योजक आणखी चिडले. त्यांना गृहज्योती कधीच मिळणार नव्हती. हुबळीच्या कर्नाटक चेंबर ऑफ कॉमर्सने २२ जूनला बंद पुकारला. कारखान्याच्या मालकाला हिशेब कळतो. घरगुती आणि शेतीच्या विजेतली तूट भरून काढायला त्याच्या दरात भर घातली जाते, हे त्याला गेली कित्येक वर्षं ठाऊक आहे.

त्या दरपत्रकात घरगुती वापराचे दोन टप्पे होते. शंभर युनिटपर्यंत ४ रुपये ७५ पैसे. शंभर ओलांडले की सगळ्या युनिटांना ७ रुपये. १ एप्रिल २०२४ पासून आयोगाने टप्पेच काढून टाकले आणि सर्वांना ५ रुपये ९० पैसे लावले. बातमी आली ती 'दर कमी झाले' अशी. ज्यांचा वापर शंभराच्या वर होता त्यांच्यासाठी ती खरी होती, युनिटमागे १ रुपया १० पैसे वाचले. शंभराच्या आतल्या घराचा दर मात्र १ रुपया १५ पैशांनी चढला. त्या घराने आरडाओरडा केला नाही, कारण त्याचं बिल शून्यच येत होतं. वाढ सरकारने भरली. लहान ग्राहकाला दराचं संरक्षण होतं ते गेलं आणि त्याच्या जागी योजनेचं संरक्षण आलं. योजना आहे तोवर ठीक. उद्या कुठल्याही सरकारने ती आवरती घेतली, तर चाळीस युनिट जाळणारं घर आणि एसी लावणारं घर एकाच दराने पैसे भरतील. माझ्या मते या तीन वर्षांतला सर्वांत मोठा बदल हाच, आणि त्यावर सर्वांत कमी बोललं गेलं. २०२५ मध्ये युनिटचा दर आणखी दहा पैशांनी उतरला, पण स्थिर आकार किलोवॅटला १२० वरून १४५ रुपये झाला आणि कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीसाठी युनिटमागे ३६ पैसे नव्याने लागले.

आणि लोकांची पसंती? या योजनेमुळे सरकार लोकप्रिय झालं का?

लोकसभेची २०२४ ची निवडणूक ही पहिली परीक्षा होती. तोवर शून्य बिलं नऊ-दहा महिने येत होती. काँग्रेसला २८ पैकी ९ जागा मिळाल्या, भाजपला १७ आणि त्याच्या मित्रपक्षाला, धर्मनिरपेक्ष जनता दलाला, २. २०१९ मध्ये काँग्रेसची एकच जागा होती, म्हणून ही वाढ. पण वर्षभरापूर्वीच्या १३५ आमदारांकडे पाहिलं तर ही घसरण. नकाशा जास्त बोलका आहे. बिदर, कलबुर्गी, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी या कोरड्या, गरीब पट्ट्यातल्या पाचही जागा काँग्रेसने जिंकल्या. बंगळुरूच्या चारही जागा गेल्या, उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांचे भाऊ बंगळुरू ग्रामीणमधून हरले. सीमाभागात चिकोडी काँग्रेसकडे आली आणि शेजारचं बेळगाव भाजपकडे राहिलं. दोन्हीकडे वीज हेस्कॉमची आणि बिल तितकंच शून्य. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये संडूर, शिग्गाव आणि चन्नपट्टण या तिन्ही पोटनिवडणुका काँग्रेसने जिंकल्या. या सगळ्यातून 'फुकट वीज दिली की मत मिळतं' असा नियम निघत नाही, आणि 'मिळत नाही' असाही नाही.

दिल्लीकडे बघा. तिथे ऑगस्ट २०१९ पासून दोनशे युनिट मोफत. २०२० मध्ये केजरीवालांना ७० पैकी ६२ जागा मिळाल्या, २०२५ मध्ये २२. वीज दोन्ही वेळा फुकटच होती. आपल्या महाराष्ट्रातही २००४ च्या निवडणुकीआधी सुशीलकुमार शिंदे सरकारने शेतकऱ्यांना मोफत वीज दिली, सत्ता टिकली, आणि पुढच्या वर्षी विलासराव देशमुखांच्या सरकारने ती सवलत काढून घेतली. तिजोरीला पेललं नाही.

मला वाटतं, शून्य बिलाचा स्वभावच असा आहे की ते लवकर दिसेनासं होतं. पाच गॅरंटींतल्याच 'गृहलक्ष्मी'चे दोन हजार रुपये बाईच्या खात्यात पडतात, तिच्या फोनवर निरोप येतो, ती ते पैसे हातात घेते. शून्य बिलात हाताला काहीच लागत नाही. जे जायचं होतं ते गेलं नाही, एवढंच. पहिले दोन महिने त्याचा आनंद असतो. पुढे घराचा खर्च त्या बचतीभोवती बसून जातो, आणि ज्या महिन्यात २०३ युनिट होतात त्या महिन्यात राग येतो. सरकारला दुवा मिळतो तो सुरुवातीला आणि शिव्या मिळतात त्या खंड पडला की.

त्याहून मोठा राग लाइट जाण्याचा असतो. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला. राज्यातल्या २३६ तालुक्यांपैकी २२३ दुष्काळी जाहीर झाले. धरणांत पाणी नाही म्हणून जलविद्युत कमी, आणि पाऊस नाही म्हणून शेतकऱ्यांचे पंप रात्रंदिवस चालू. मागणी आणि टंचाई एकाच कारणाने एकाच वेळी आली. ऑक्टोबरात सरकारला वीज कायद्याचं कलम ११ वापरून राज्यातल्या खासगी वीजकेंद्रांना सगळी वीज राज्यालाच द्या असा हुकूम काढावा लागला. पंजाब आणि उत्तर प्रदेशाकडून उसनी वीज घेतली, पुढे परत करण्याच्या बोलीवर. शेतीला सात तास वीज द्यायचा शब्द पाच तासांवर आला आणि गावोगावी वीज उपकेंद्रांपुढे शेतकरी बसले. त्या दिवसांत शून्य बिलाचं कौतुक कुणी ऐकून घेतलं नसतं. पिकाला पाणी द्यायच्या वेळी आलेली वीज शेतकऱ्याला हवी असते; तिचा भाव नंतर.

पंपांचा विषय निघाला म्हणून एवढंच नोंदवतो. गृहज्योतीची चर्चा होते, पण कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज त्याच्या कितीतरी आधीपासून मोफत आहे. असे ३४ लाखांच्या घरात पंप आहेत, आणि त्यांच्यावरचा सरकारी खर्च गृहज्योतीपेक्षा बराच मोठा आहे. दीड कोटीहून जास्त घरांच्या उजेडापेक्षा या पंपांचं पाणी महाग पडतं. महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना बळीराजा योजनेत वीज मोफत झाली आहे, तेव्हा हा हिशेब आपल्यालाही मांडावा लागेल.

शून्य बिलाचा आणखी एक परिणाम छपरावर दिसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने छतावरच्या सौर पॅनेलांसाठी 'सूर्यघर' योजना आणली. ज्या घराचं बिलच शून्य आहे, त्याने पदरचे पैसे घालून पॅनेल कशासाठी बसवावं? ज्या राज्याने एकेकाळी सौरऊर्जेत देशात पहिला नंबर मिळवला, तिथल्या शहरी गच्च्या मोकळ्या राहण्यात या प्रश्नाचा वाटा आहे, असं माझं मत आहे. तो पहिला नंबर आला होता तो सिद्धरामय्यांच्याच पहिल्या कारकिर्दीत, डी. के. शिवकुमार ऊर्जामंत्री असताना. त्याच काळात तुमकूर जिल्ह्यातल्या पावगड तालुक्यात सरकारने सुमारे १३ हजार एकर जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतली आणि २०५० मेगावॅटचं सौर उद्यान उभं करायला घेतलं. जमीनमालकाला दरवर्षी भाडं मिळू लागलं. त्याच जमिनीवर मजुरीला जाणाऱ्यांचं काय झालं, ते पुढच्या आठवड्यात पाहू.