नकाशाची सुरुवात उत्तरेकडून

आमच्या भागात ओढ्यावर एक अरुंद पूल आहे. दोघं समोरासमोर आले तर एकाला कठड्याला टेकून वाट द्यावी लागते. 2025 च्या दिवाळीच्या सुमारास पुणे महापालिकेची अंतिम प्रभागरचना हाती आली, तेव्हा मी नकाशात हा पूल शोधून काढला. प्रभागाची हद्द ओढ्याच्या मधोमध वाहत आली होती आणि पुलाखालून पुढे गेली होती. संध्याकाळी मी तिथे जाऊन उभा राहिलो. एक पाय एका प्रभागात, दुसरा दुसऱ्यात. ही रेघ नेमकी इथे कुणी आणली आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही.

15 जानेवारी 2026 ला मतदान झालं. त्याआधीची निवडणूक 2017 ची. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि तेव्हापासून या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. चौकाचौकांत तिकीट कुणाला, बंडखोरी कुणाची, याच चर्चा रंगल्या होत्या. मी मात्र त्या रेघेमागे लागलो, आणि जे सापडलं त्याने थक्क झालो.

प्रभाग पाडायला सुरुवात उत्तरेकडून करायची, असा सरकारी दंडक आहे. उत्तरेकडून ईशान्येकडे जायचं, मग पूर्वेकडे यायचं, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकायचं आणि शेवट दक्षिणेत करायचा. प्रभागांना क्रमांकही याच ओघाने मिळतात. म्हणून पुण्याचा प्रभाग 1 वर कळस-धानोरीकडे आहे आणि 41 वा खाली महंमदवाडी-उंड्रीला. शेतात औत बांधापर्यंत जाऊन वळतं, तसे हे आकडे शहरावरून वळत वळत खाली उतरतात. हे कळल्यावर मी नकाशावर बोट ठेवून 1 ते 41 असा सगळा प्रवास केला. ज्या शहरात जन्म गेला, ते पहिल्यांदाच एका धाग्यात ओवलेलं दिसलं.

पण या धाग्यातले मणी कोणते? घरं नव्हेत, रस्तेही नव्हेत. मणी म्हणजे जनगणनेचे प्रगणक गट. एका प्रगणकाने मोजायचा तुकडा म्हणजे एक गट, साधारण सहा-सातशे माणसांचा. 2010 मध्ये घरयादी झाली तेव्हा प्रगणक, म्हणजे बहुतेक ठिकाणी शाळेतले शिक्षक, आपापल्या तुकड्यात पायी फिरले. प्रत्येकाने हाताने एक नजरी नकाशा काढला: देऊळ इथे, पाण्याची टाकी तिथे, ही गल्ली पुढे बंद होते. घरांना क्रमांक देतानाही शक्यतो वायव्येच्या कोपऱ्यातून निघून आग्नेयेला पोचायचं असतं. मग फेब्रुवारी 2011 मध्ये माणसं मोजली गेली. आज प्रभागाची हद्द ठरवताना हा गट शक्यतो फोडायचा नसतो. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एखाद्या बाईंनी किंवा गुरुजींनी उन्हात उभं राहून कागदावर ओढलेली रेघ आज माझा नगरसेवक ठरवते आहे. त्या माणसाचं नाव कुणाला माहीत नाही. मला त्यांना एकदा भेटायला आवडेल.

मोजणीपुढचं सगळं काम अंकगणिताचं. 2011 च्या जनगणनेनुसार, नंतर समाविष्ट झालेली गावं धरून, पुण्याची लोकसंख्या 34,81,359. तीस लाखांवरच्या शहराला 161 नगरसेवक आणि तीस लाखांपुढच्या प्रत्येक पूर्ण लाखामागे एक जादा, म्हणून 165. भागाकार केला की एका जागेमागे सुमारे 21,099 माणसं येतात. चार जागांच्या प्रभागाला 84 हजारांच्या आसपास, त्यात दहा टक्के कमी-जास्त चालतं. पुण्यात चाळीस प्रभाग चार जागांचे आहेत. आंबेगाव-कात्रजकडचा 38 वा तेवढा पाच जागांचा.

चार हा आकडाही काही आभाळातून पडलेला नाही. राज्यात 2002 मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग होते, 2007 मध्ये एकाचे, 2012 मध्ये दोघांचे, 2017 मध्ये चौघांचे. मुंबईत मात्र आजही 227 जागा आणि 227 प्रभाग, एकाला एक. माझं मन त्या साध्या हिशेबाकडे ओढ घेतं. दिवा बंद पडला तर कुणाला सांगायचं, हे तिथे एका नावावर थांबतं.

आता परत पुलाकडे येतो. हद्द आखताना नद्या, नाले, डोंगर, रेल्वेचे रूळ, मोठे रस्ते पाहायचे असतात. एक इमारत दोन प्रभागांत जाता कामा नये. अनुसूचित जातींची वस्ती शक्यतो तुटू नये. किती जपून लिहिले आहेत हे नियम! नकाशा करणाऱ्याच्या दृष्टीने ओढा ही उत्तम हद्द आहे, कारण तो कुठे आहे यावर कुणाचं दुमत होत नाही. ओढ्याच्या दृष्टीने मात्र हे वाईट. एक काठ चार नगरसेवकांचा, दुसरा दुसऱ्या चौघांचा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा कात्रजच्या डोंगरातून निघालेलं पाणी वस्त्या-सोसायट्यांमधून माणसं आणि गाड्या ओढत मुठेकडे गेलं. त्या पाण्याला वरून खालपर्यंत एकच शहर होतं. माझं ठाम मत आहे की ओढा प्रभागाच्या पोटात असावा, काठावर नसावा. दोन्ही तीर एकाच सभेत बोलले पाहिजेत. प्रारूप रचनेवर हरकती आणि सूचना मागवतात, सुनावणी होते, हे ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच घडून गेलं होतं. मी हरकत घेतली नाही. तेव्हा मला ओढ्याचं हे गणित ठाऊकच नव्हतं, याची हळहळ वाटते.

मोजणी जुनी असल्याचा परिणाम मतदारयादीत दिसतो, आणि तो पाहून मी आकडा दोनदा तपासला. पुण्याचे मतदार साडेपस्तीस लाखांवर आहेत. म्हणजे तान्ह्या बाळांसकट धरलेल्या लोकसंख्येपेक्षा आज फक्त प्रौढ मतदारच जास्त! 2021 ची जनगणना झालीच नाही, शहर मात्र थांबलं नाही. सूस-बाणेर-पाषाणच्या प्रभागात मतदार दीड लाखाच्या पुढे गेले आहेत. 2011 मध्ये तिथे जी शेतं मोजणीत रिकामी दिसली असतील, त्यांच्यावर आज बारा-बारा मजले उभे आहेत. कागदावर सारखे असलेले प्रभाग प्रत्यक्षात सारखे राहिलेले नाहीत. बाणेरच्या एका मताचं वजन जुन्या पेठेतल्या मताहून हलकं झालं आहे.

मोजणीनंतर येतो नशिबाचा भाग. 11 नोव्हेंबर 2025 ला गणेश कला क्रीडा मंचात आरक्षणाची सोडत झाली. अनुसूचित जातींच्या 22 जागा कुठे, हे चिठ्ठीवर सोडत नाहीत. ज्या प्रभागांत त्यांचं प्रमाण जास्त, तिथून उतरत्या क्रमाने त्या ठरतात. पण त्यांतल्या महिलांच्या कोणत्या, हे चिठ्ठी सांगते, आणि ती काढतात शाळकरी मुलं. वर्षानुवर्षं वॉर्ड बांधलेला कार्यकर्ता खुर्चीच्या टोकावर बसलेला असतो आणि त्याचं राजकारण एका लहानशा मुठीत असतं. 165 पैकी 83 जागा महिलांच्या. राज्यात हा निम्मा वाटा 2011 पासून आहे. आज विशीतल्या मुलींना नगरसेविका ही नवलाची गोष्ट वाटत नाही, ती या चिठ्ठ्यांची कमाई आहे.

मतदानाच्या दिवशी यंत्रावर अ, ब, क, ड अशा चार जागा होत्या, प्रत्येकीची मतपत्रिका वेगळ्या रंगाची. चारही ठिकाणी बटण दाबायचं होतं, कुणीच पसंत नसेल तर 'वरीलपैकी कोणीही नाही'चं. चौथं बटण दाबल्यावरच लांब आवाज येतो. शेजारच्या आजींना मी हे आधीच दोनदा समजावलं होतं. त्या म्हणाल्या, "आवाज येईपर्यंत हलायचं नाही, एवढंच ना?" एवढंच.

नव्या जनगणनेच्या घरयादीचं काम 2026 मध्ये आणि शिरगणती फेब्रुवारी 2027 मध्ये, असं ठरलं आहे. या वेळी हातात कागदाऐवजी मोबाइल असेल. कुणी शिक्षिका ओढ्याकडच्या आमच्या गल्लीत शिरतील, वायव्येच्या कोपऱ्यावरचं घर शोधतील आणि तिथून मोजायला लागतील. त्या पुलापाशी पोचतील तेव्हा मला तिथे असायचं आहे, निदान पाणी द्यायला.