ग्राफिक्स कार्डाची निवड : खेळाचा वेग आणि व्हिडिओची सोय

संगणकावर खेळ खेळणारा ग्राहक ग्राफिक्स कार्ड घेऊ लागतो, तेव्हा तो प्रामुख्याने एकच प्रश्न विचारतो : ह्या कार्डावर प्रतिसेकंदास खेळाची किती चित्रे उमटतील? कार्डाच्या खोक्यावर मात्र ह्याखेरीज पुष्कळ गुण नोंदविलेले असतात, आणि त्यांत व्हिडिओ दाखविण्याच्या सोयींचा उल्लेख बहुधा असतोच. ह्या सोयींचा खेळाडूच्या निवडीवर परिणाम होतो काय, आणि तो व्हावा काय, हे दोन प्रश्न परस्परांहून भिन्न आहेत. एकाच कार्डावर पाच-सहा वर्षे काढावी लागणाऱ्या सामान्य ग्राहकास त्यांचे व्यावहारिक महत्त्व आहे. कारण घेतलेल्या कार्डात जे मंडल नाही, ते मागाहून बसविता येत नाही.

प्रथम व्हिडिओ दाखविणे म्हणजे काय, हे पाहू. १९२० × १०८० बिंदूंच्या एका चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस तीन बाइट आणि सेकंदास २४ चित्रे धरल्यास दर सेकंदास सुमारे १४ कोटी ९३ लक्ष बाइट लागतात. उलटपक्षी, ब्लू-रे तबकडीवरील चित्रप्रवाहाची कमाल मर्यादा सेकंदास ४ कोटी बिट, म्हणजे ५० लक्ष बाइट आहे. मूळ चित्रे निदान तीस पटींनी आकुंचित केल्यावाचून ती ह्या मर्यादेत बसत नाहीत. २००३ साली मान्य झालेली एच.२६४ ही पद्धती असे आकुंचन करते. चित्रपट दाखविताना ही घडी सेकंदास २४ वेळा, बिनचूक, उलगडावी लागते.

ग्राफिक्स कार्ड मूळचेच चित्रांसाठी बनविलेले असल्यामुळे हे काम त्यास सहज जमावे, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. खेळातील चित्र रंगविताना एका बिंदूचा हिशेब दुसऱ्यावर फारसा अवलंबून नसतो. म्हणून कार्डातील शेकडो लहान गणक-एकके एकाच वेळी कामास लागू शकतात. एच.२६४ मधील संकेतवाचनाची एक प्रमुख रीत मात्र अशी आहे की, मागील चिन्हाचा अर्थ लागल्यावाचून पुढील चिन्हाचा अर्थ लागत नाही. एका विहिरीवर शंभर माणसे उभी केली तरी पोहरा एकच असेल तर पाणी एकाच्याच गतीने निघते, तसाच हा प्रकार होय. ह्यास्तव ह्या कामासाठी कार्डात एक स्वतंत्र, लहानसे मंडल ठेवावे लागते. खेळाचा वेग आणि व्हिडिओची सोय हे एकाच कार्डाचे गुण असले, तरी ते त्याच्या दोन निरनिराळ्या भागांवर अवलंबून असतात.

हे दोन भाग एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात, ह्याचे उत्तम उदाहरण २००६-०७ ह्या काळात सापडते. नोव्हेंबर २००६ मध्ये एनव्हिडिया कंपनीचे जीफोर्स ८८०० जीटीएक्स हे कार्ड ५९९ डॉलर किमतीस आले. त्यात १२८ गणक-एकके होती, परंतु एच.२६४ चे संकेतवाचन करणारे मंडल नव्हते. पुढे एप्रिल २००७ मध्ये आलेले ८६०० जीटीएस हे कार्ड २०० डॉलरांच्या आसपास मिळे. त्यात गणक-एकके ३२ च होती, तथापि एच.२६४ चा प्रवाह आरंभापासून अखेरपर्यंत उलगडण्याची सोय होती. प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीच्या कार्डांतही हाच विपर्यास घडला. तिच्या रेडिऑन एचडी २९०० एक्सटी ह्या अग्रणी कार्डात जे व्हिडिओ-मंडल नव्हते, ते एचडी २४०० व २६०० ह्या स्वस्त कार्डांत होते.

ही त्रुटी असूनही ८८०० जीटीएक्सची कीर्ती झाली, ती खेळांतील वेगामुळे. महाग कार्ड घेणाऱ्याचा मध्यवर्ती प्रक्रियक, म्हणजे सीपीयू, बहुधा जलद असे. २००६ साली आलेले कोअर २ ड्युओसारखे प्रक्रियक ब्लू-रे चित्रपट उलगडण्याचा बराचसा भार स्वतःच वाहू शकत. शिवाय चित्रपट पाहताना खेळ थांबलेला असतो, आणि प्रक्रियक मोकळाच असतो. ऑक्टोबर २००७ मध्ये आलेल्या ८८०० जीटी ह्या कार्डात वेग व सोय दोन्ही एकत्र आली. सुमारे वर्षभराने का होईना, ग्राहकापुढील पेच निर्मात्यांनीच सोडविला.

ह्यावरून एक तत्त्व हाती लागते. खेळाचा वेग हा तरतमभावाचा गुण आहे. सेकंदास ४० चित्रांपेक्षा ६० बरी आणि ६० पेक्षा ९० बरी. व्हिडिओ दाखविणे हा उंबरठ्याचा गुण आहे. चित्रपट सेकंदास २४ चित्रांचा असेल, तर २४ चित्रे वेळेवर दिसली की काम संपले. उंबरठा ओलांडणाऱ्या दोन कार्डांत ह्या गुणामुळे निवड करण्याचे कारण उरत नाही, म्हणून खेळाडू त्याकडे दुर्लक्ष करतो. परंतु कार्ड उंबरठ्याच्या अलीकडेच राहिले, तर तोच गुण एकाएकी निर्णायक ठरतो.

आणि उंबरठा स्थिर नसतो. २०१८ साली एव्ही१ ही नवी आकुंचन-पद्धती प्रसिद्ध झाली. जानेवारी २०२२ मध्ये १९९ डॉलर किमतीचे रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड खेळाडूंसाठीच आले. त्यात एव्ही१ उलगडण्याचे मंडल नव्हते आणि खेळाचे चित्रमुद्रण करण्यास लागणारे मंडलही नव्हते. ही उणीव जलद प्रक्रियक असलेल्या ग्राहकास जाणवतही नाही, कारण तो एव्ही१ स्वबळावर उलगडू शकतो. परंतु असे स्वस्त कार्ड पुष्कळदा जुन्या संगणकातच बसविले जाते. तेथे प्रक्रियक आधीच खेळाने व्यापलेला असतो. शेजारच्या पडद्यावर व्हिडिओ चालू ठेवला किंवा खेळाचे मुद्रण सुरू केले, की तो भार खेळाच्याच वेगातून वजा होतो. व्हिडिओची सोय येथे करमणुकीची पुरवणी राहत नाही; ती खेळाच्या वेगाचाच एक घटक बनते.

सारांश, ज्याच्याजवळ जलद प्रक्रियक आहे व जो एका वेळी एकच काम करतो, त्याने व्हिडिओच्या सोयींसाठी अधिक किंमत मोजण्याचे कारण नाही. ज्यास जुन्या संगणकात अल्प किमतीचे कार्ड बसवून ते दीर्घकाळ वापरावयाचे आहे, त्याने मात्र कार्ड कोणत्या पद्धती उलगडते व कोणत्या नाही, ही यादी किमतीइतक्याच काळजीने वाचली पाहिजे. ज्याच्याजवळ पैसा कमी, त्यासच ही उणीव अधिक महाग पडते. आणि वेगाच्या आकड्यांत ती कोठेही दिसत नाही.