आपल्या खेपा कोण मोजतं?



कालचा दिवस जरा आठवा. पहाटे उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत तुम्ही किती वेळा उंबरा ओलांडून बाहेर गेलात? मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत मी हाच प्रश्न विचारला. आमच्यातल्या एक मावशी लगेच म्हणाल्या, "मी बाई कुठं जातेय? काल घरीच होते की."

मग आम्ही बोटांवर मोजायला बसलो. पहाटे पाण्याच्या दोन खेपा. नातवाला अंगणवाडीत सोडलं आणि तिथूनच गिरणीत दळण टाकून आल्या. मग रानात भाकरी घेऊन गेल्या, दोन तास खुरपलं, येताना डोक्यावर गवताचा भारा. पुन्हा गिरणीत जाऊन दळण आणलं आणि वाटेत नातवाला घेतलं. दुपारी सासूबाईंच्या गोळ्यांसाठी उपकेंद्रात. संध्याकाळी डेअरीत दूध घालायला. घरीच होते म्हणणाऱ्या मावशी सात वेळा बाहेर पडल्या होत्या. त्याच दिवशी त्यांचे मालक मोटारसायकलवरून एकदा तालुक्याला जाऊन आले, आणि ते 'बाहेर गेले होते' हे सगळ्या आळीला माहीत होतं!

आज बोलायचं आहे शहरातल्या रस्त्यांबद्दल आणि बसबद्दल. तुम्ही म्हणाल, शहराचं आपल्याला काय? पण आपण शहरात जातोच की. दवाखान्याला, कोर्टाच्या तारखेला, लेकीच्या बाळंतपणाला, भाजीची पाटी घेऊन बाजाराला जातो. आपल्या पोरी कॉलेजला रोज जातात. आणि तालुक्याचं गावही आता शहरच व्हायला लागलंय. तिथं उद्या रस्ता कसा होणार, बस किती वाजता सुटणार, हे कोणीतरी ठरवतं. ते ठरवताना त्याच्यापुढे आकडे असतात. त्या आकड्यांत मावशींच्या सात खेपा असतात का, एवढंच आज बघू.

रस्ता रुंद करायचा असला की आधी चौकात माणसं बसवून वाहनं मोजतात. वाहनं लहानमोठी, म्हणून सगळ्यांचं माप एकच धरतात, ते म्हणजे मोटारगाडी. आपल्या देशात रस्त्यांचे नियम लिहिणारी संस्था आहे, इंडियन रोड्स काँग्रेस. तिच्या जुन्या कोष्टकात सायकल म्हणजे अर्धी मोटार, बस म्हणजे तीन मोटारी आणि मोठी बैलगाडी म्हणजे चक्क आठ मोटारी. बैलगाडीचा एवढा मान बघून हुरळून जाऊ नका. हे माप माणसांचं नाही, रस्ता किती अडतो त्याचं आहे. बसमध्ये पन्नास माणसं असोत की पाच, ती तीन मोटारींइतकीच. आणि पायी चालणाऱ्या बाईला या कोष्टकात आकडाच नाही. तिची मोजणी वेगळी करावी लागते, आणि कितीदा तरी ती राहूनच जाते. मग रस्ता रुंद होतो, फुटपाथ आक्रसतो, आणि पाटीवाली गाड्यांच्या मधून चालते.

दुसरी मोजणी जनगणनेची. २०११च्या जनगणनेत लोकांना विचारलं, कामाला किती लांब जाता आणि कशानं जाता. चांगला प्रश्न. पण तो विचारला फक्त 'इतर कामगार' या रकान्यातल्या लोकांना. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योग करणारे त्यातून वगळले होते. घर सांभाळणारी तर कामगारातच धरत नाहीत. म्हणजे रानात जाणाऱ्या मावशींना तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. आणि विचारला असता तरी गिरणी, अंगणवाडी, उपकेंद्र हे 'काम' थोडंच होतं?

हे काम किती असतं, तेही सरकारनंच मोजलंय, पण दुसऱ्या वहीत. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. सहा वर्षांवरच्या बायकामुलींपैकी ८१ टक्के जणी रोज बिनपगारी घरकाम करतात आणि त्यात त्यांची सरासरी २९९ मिनिटं जातात. म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांमध्ये असं काम करणारे २६ टक्के, आणि जे करतात त्यांची ९७ मिनिटं. आता हे पाच तास काही सगळे चुलीपुढं बसून होत नाहीत. त्यासाठी घरातून निघावं लागतं, चालावं लागतं, गाडीची वाट बघत उभं राहावं लागतं.

या दोन वह्या एकमेकींना जोडून बघण्याचं काम एका शहरानं फार आधी केलं. म्हणून थोडं लांब जाऊ या, युरोपात ऑस्ट्रिया नावाचा देश आहे, त्याच्या राजधानीत, व्हिएन्नाला. तिथं १९९१ साली एव्हा काइल नावाच्या नगररचनाकार बाईंनी आपल्या सहकारी बाईंबरोबर एक फोटोंचं प्रदर्शन भरवलं. आठ जणींचा शहरातला एकेक दिवस त्या फोटोंत होता. विषय साधाच, बाईचा रोजचा दिवस शहरात कसा जातो. पण प्रदर्शनाला हजारो लोक आले आणि पुढच्याच वर्षी महापालिकेनं बायकांसाठी वेगळं कार्यालय काढलं. काइलबाई त्याच्या पहिल्या प्रमुख. आकडे तपासल्यावर दिसलं की शहरात मोटारीनं होणाऱ्या खेपांपैकी दोन तृतीयांश पुरुषांच्या, आणि पायी होणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बायकांच्या. तोवर सगळा अभ्यास मोटारींचा चालला होता.

१९९९ साली त्याच शहराच्या आल्सरग्रुंड नावाच्या भागात लोकांना एक फॉर्म दिला. बस, रेल्वे कधी वापरता, कशासाठी वापरता? पुरुषांनी पाच मिनिटांत भरून दिला. सकाळी कामाला, संध्याकाळी घरी, संपलं. बायकांचं लिहिणं काही संपेना! कोणी सकाळी मुलाला डॉक्टरकडे नेलं, मग शाळेत सोडलं, मग कामावर, येताना बाजार, मग म्हाताऱ्या आईला घेऊन पुन्हा डॉक्टर. आमच्या मावशींच्या दिवसासारखंच की. फक्त तिकडे गवताचा भारा नव्हता.

अशा खेपांना अभ्यासक साखळी म्हणतात, कारण एका खेपेला दुसरी अडकलेली असते. अंगणवाडीला गेलो तर तिथूनच गिरणी. स्पेनच्या एक अभ्यासक आहेत, इनेस सांचेझ दे मादारियागा. त्यांनी याला नाव दिलं 'काळजीचा प्रवास'. सरकारी पाहण्यांत अशा खेपा 'खरेदी', 'भेटीगाठी', 'इतर' अशा रकान्यांत विखुरलेल्या असायच्या. बाईंनी त्या सगळ्या एकत्र मांडल्या, तेव्हा त्यांचा आकडा नोकरीच्या प्रवासाच्या जवळपास जाऊन पोचला. नाव मिळालं की मोजता येतं. बचत गटात आपणही कर्जाचं आणि बचतीचं खातं वेगळं केलं तेव्हाच हिशेब दिसायला लागला, तसंच हे.

मग व्हिएन्नानं केलं काय? मोठं काही नाही, आणि मला तेच आवडतं. मारियाहिल्फ नावाच्या भागात एकूण साधारण एक किलोमीटर लांबीचे फुटपाथ रुंद केले, २६ ठिकाणी दिवे वाढवले, बसायला बाकं ठेवली, बाळाची ढकलगाडी किंवा चाकाची खुर्ची अडणार नाही अशा वाटा केल्या. आल्सरग्रुंडमध्ये एका मोठ्या जिन्याला उतार जोडला. पुढं २०१२ साली शहरानं वर्षभराचा बस-रेल्वेचा पास ३६५ युरोला केला, म्हणजे दिवसाला एक युरो. दिवसातून चार वेळा चढउतार करणारीला पासचा फायदा दोन वेळा जाणाऱ्यापेक्षा जास्त. दर वेळी नवं तिकीट काढावं लागलं तर साखळी खेप महाग पडते. बाजाराला जाताना दोन वडाप बदलणारीला हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्याकडे या. आपल्याकडेही नियम अगदीच नाहीत असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या नियमांत फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा हवा. म्हणजे सहा फूट, दोन पाटीवाल्या एकमेकींना न धक्का लावता जातील इतका. त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्या वितीपेक्षा बरीच कमी. पुढच्या वेळी शहरात गेलात की वीत लावून बघा. कितीतरी ठिकाणी फुटपाथ गुडघ्यापर्यंत असतो, म्हणून म्हातारी माणसं खालूनच चालतात आणि मग त्यांनाच बोल लागतो की बघा, फुटपाथ असून वापरत नाहीत.

सिग्नलचंही तसंच. रस्ता ओलांडायला किती सेकंद द्यायचे हे हिशेबानं ठरतं. माणूस एका सेकंदात साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात. बारा मीटरच्या रस्त्याला दहा सेकंद. पण गुडघे धरलेली आजी, किंवा कडेवर पोर आणि हातात पिशवी असलेली बाई सेकंदाला ०.८ मीटर चालत असेल, तर तिला पंधरा सेकंद लागतात. दहाव्या सेकंदाला ती अजून आठ मीटरवरच असते आणि समोरचे हॉर्न वाजवायला लागतात. तेव्हा आपल्याला वाटतं, आपणच गावंढळ, आपल्याला रस्ता ओलांडता येत नाही. तसं काही नसतं. पाच सेकंद कमी दिलेले असतात.

बसच्या पायऱ्यांचाही हिशेब आहे. आपल्या नेहमीच्या बसला दोन-तीन उंच पायऱ्या चढाव्या लागतात. शहरात लो-फ्लोअर बस निघाल्यात. तिचा तळ जमिनीपासून साधारण ४० सेंटिमीटरवर असतो, चढायला पायरीच नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर ती चालणार नाही हे खरं, पण शहरात चालते. काही ठिकाणी बसला यंत्र बसवून ती कुठं आहे हे मोबाईलवर दाखवतात. उपयोगाची गोष्ट आहे, फक्त तो मोबाईल घरात कोणाच्या खिशात असतो हेही विचारायला हवं.

आपल्या हातात असलेली एक मोजणी सांगते. १७ मार्च २०२३ पासून आपल्या एस.टी.त महिलांना अर्धं तिकीट आहे. सवलत म्हणून आपण खूश आहोतच. पण दुसरी गोष्ट लक्षात घ्या. कंडक्टरच्या मशीनमधून महिलेचं तिकीट निघालं की कुठून बसली, कुठं उतरणार, किती वाजता, याची नोंद राहते. दिल्लीत २०१९च्या भाऊबीजेपासून बायकांना बसप्रवास फुकट झाला, तरी प्रत्येकीला गुलाबी तिकीट देत होतेच. कारण त्या तिकिटांच्या आकड्यावरून बसवाल्यांना सरकारकडून पैसे मिळायचे. म्हणून एक सांगते, दोनच थांब्यांसाठी कशाला, राहू दे, असं कधी म्हणू नका. तिकीट मागून घ्या. दुपारच्या दोनच्या गाडीला बाया नसतात असं कोणी म्हणालं, तर त्याच्या उत्तराला तीच तिकिटं कामाला येतील.

तिकिटात न दिसणारं मात्र पायीच बघावं लागतं. १९८९ साली कॅनडातल्या टोरोंटो शहरात बायकांनी सुरक्षा फेरीची पद्धत काढली. चार-सहा जणींनी अंधार पडल्यावर रस्त्यानं चालायचं आणि दिसेल ते लिहायचं. आपल्या देशात दिल्लीच्या महिला संघटनांनी ती वापरली आणि २०१३ साली 'सेफ्टीपिन' नावाचं मोबाईल अॅपही निघालं. त्यात बघायच्या गोष्टी साध्या आहेत. उजेड आहे का, पुढचं मोकळं दिसतं का, आसपासच्या खिडक्या-दुकानांतून आपण कोणाला दिसतो का, माणसं आहेत का, त्यांत बाया किती, चालायला वाट आहे का, बस-रिक्षा जवळ आहे का, कोणी पहारेकरी-पोलीस आहे का. आणि शेवटी, इथं उभं राहून मला कसं वाटतंय. हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण तो एरवी कोणी विचारत नाही.

आम्ही सहा जणी अशाच एका संध्याकाळी तालुक्याच्या स्टँडवर वही घेऊन गेलो. बायकांच्या शौचालयाला कुलूप. स्टँडपासून दवाखान्याच्या रस्त्यावर अकरा खांब, त्यांतले चार बंद. रिक्षा थांबा होता, पण तिथं एकही बाई उभी नव्हती, सगळ्या समोरच्या औषधाच्या दुकानाच्या उजेडात. हे सगळं आम्ही तारीख-वार घालून, खांबांचे नंबर टाकून अर्जात लिहिलं. नुसतं 'अंधार असतो, सोय करावी' असं लिहिलं नाही. तीन आठवड्यांत चारपैकी तीन दिवे लागले. कुलूप अजून तसंच आहे, त्याचा दुसरा अर्ज दिलाय.

आता तुमच्यासाठी काम. येत्या आठ दिवसांत आपापल्या खेपा मोजा. लिहायला जमत नसेल तर चुलीशेजारी एक वाटी ठेवा आणि बाहेर जाऊन आलात की ज्वारीचा एक दाणा टाका. पायी गेलात तर ज्वारी, गाडीनं गेलात तर हरभरा. गटाच्या बैठकीला वाट्या घेऊन या, मिळून मोजू. आमच्या मावशींनी परवा वाटी ठेवली. काल संध्याकाळी मी गेले तर तीत तेरा दाणे ज्वारीचे आणि एक हरभरा होता, आणि त्यांचे मालक विचारत होते, हे काय निवडायचं राहिलंय का?