खाडीच्या चिखलाचं साल कसं काढतात?

टेंभी नाक्यावरून निघून, ठाणे स्टेशन ओलांडून कोपरीकडे गेलं की खाडी लागते. ओहोटीला उघडा पडणारा तिथला काळपट चिखल दिसला की बहुतेकांचा हात नाकाकडे जातो. पण त्या चिखलाच्या प्रत्येक थराला एक साल असतं आणि ते काढता येतं. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी ठाणे खाडीच्या गाळावर नेमकं हेच काम केलं. पारा आणि निकेल हे धातू खाडीत कसकसे साचत गेले, याचा शिसे-२१० या किरणोत्सारी शिशाच्या आधारे मांडलेला त्यांचा इतिहास १९९९ साली ‘सायन्स ऑफ द टोटल एन्व्हायर्न्मेंट’ या नियतकालिकात छापून आला.

पारा आणि निकेल तूर्त बाजूला ठेवू. चिखलात साल कुठेच लिहिलेलं नसतं. उपकरणही साल सांगत नाही, ते फक्त अणू मोडल्याच्या टिचक्या मोजतं. टिचक्यांपासून सालापर्यंतची सगळी वाट वक्ररेषा जुळवण्याची, म्हणजे कर्व्ह फिटिंगची आहे, आणि घसरायच्या जागा त्याच वाटेवर आहेत.

आधी शिसे-२१० कुठून येतं ते पाहू. जमिनीतल्या युरेनियमपासून पायरीपायरीने रेडियम बनतं आणि रेडियमपासून रेडॉन. रेडॉन वायू असल्यामुळे त्यातला काही जमिनीतून निसटून हवेत जातो. त्याचं अर्धायुष्य जेमतेम ३.८ दिवसांचं. हवेतच तो मोडतो, आणखी काही पायऱ्यांनी शिसे-२१० तयार होतं, आणि ते पावसाबरोबर खाली येऊन गाळाच्या वरच्या थरात बसतं. त्यावर नवा गाळ पडला की खालच्या शिशाची नवी आवक बंद होते आणि घट सुरू होते. दर २२ वर्षांनी निम्मं, असा साधारण हिशेब. शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासाला हे घड्याळ बरोबर पुरतं. तळ्यांच्या गाळासाठी ते वापरात आणणाऱ्या सुरुवातीच्या मंडळींत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले एस. कृष्णस्वामी आणि देवेंद्र लाल होते. दोन फ्रेंच सहकाऱ्यांबरोबरचा त्यांचा निबंध १९७१ सालचा, आणि या क्षेत्रात तो आजही उद्धृत होतो.

आता मोजणी. गाळात नळी खुपसून उभा स्तंभ काढायचा, त्याचे पातळ काप करायचे, वाळवायचे, कुटायचे, डबीत भरायचे आणि जर्मेनियमच्या डिटेक्टरपुढे ठेवायचे. शिसे-२१० मधून ४६.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा गॅमा किरण निघतो, पण शंभर अणू मोडले तर चारेकदाच. त्यातही इतका दुबळा किरण डबीतल्या मातीतच अडकतो. म्हणून एकेका कापाला दिवसदिवस मोजावं लागतं.

किरणोत्सारी मोजणीत नशिबाचा वाटा किती, हे टेंभी नाक्यावर समजून घेता येईल. मध्यरात्रीनंतर सिग्नल आणि गर्दी नसताना कोणी रिक्षा मोजत बसलं, तर एका तासात शंभर जातील, दुसऱ्यात ब्याण्णव, तिसऱ्यात एकशे नऊ. यात काही घडलेलं नसतं. रिक्षा एकमेकींना विचारून निघत नाहीत, एवढंच. अशा स्वतंत्र घटनांची सरासरी शंभर असेल तर चढउतार साधारण तिच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे दहाचा असतो. नवरात्रात देवीच्या गर्दीत हा नियम मोडतो, कारण तेव्हा सगळेच एकमेकांना पाहून हलतात. अणूंचा मात्र बारा महिने एकमेकांशी अबोला असतो, म्हणून तिथे वर्गमूळ चालतं.

डिटेक्टरमधून येतो तो आलेख असा: हजारो चॅनेल, म्हणजे ऊर्जेचे बारीक कप्पे, प्रत्येकात काही टिचक्या, त्यांची एक उतरती पार्श्वभूमी आणि तिच्यावर मधूनमधून शिखरं. समजा, आपल्या शिखराच्या जागी एकूण १०,३०० टिचक्या पडल्या आणि शेजारच्या चॅनेलांवरून पार्श्वभूमीचा अंदाज १०,००० निघाला. वजाबाकी ३००. पण चूक वजा होत नाही, दोन्हीकडची एकत्र येते. १०,३०० आणि १०,००० यांच्या बेरजेचं वर्गमूळ १४२. म्हणजे खरं उत्तर ३०० अधिक-उणे १४२. दहा हजारांच्या घरातली मोजणी ऐकायला भक्कम वाटते, हाती येतो तो आकडा निम्मा डळमळीत.

पार्श्वभूमी कमी करावी म्हणून डिटेक्टरभोवती शिशाच्या विटा रचतात. गंमत अशी की नव्या शिशात शिसे-२१० स्वतःच असतं! जे मोजायचं तेच भिंतीत. त्यामुळे अशा कामाला जुनं शिसं भाव खातं. इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत तर सार्डिनियाजवळ बुडालेल्या रोमन जहाजातलं शिसं वापरलं आहे. दोन हजार वर्षांत त्यातलं शिसे-२१० केव्हाच संपलं.

शिखराचं क्षेत्रफळ काढायला त्यावर घंटेच्या आकाराची वक्ररेषा बसवतात. उंची, मध्य, रुंदी आणि खालच्या पार्श्वभूमीची तिरकी रेषा असे पाच अज्ञात आकडे. प्रत्येक चॅनेलमधलं मोजलेलं आणि रेषेने सांगितलेलं यांतला फरक घ्यायचा, त्याला त्या चॅनेलच्या चुकीने भागायचं, वर्ग करायचा, बेरीज करायची, आणि ती बेरीज कमीत कमी होईल असे आकडे शोधायचे. ही लघुतम वर्गांची पद्धत लजांद्रने १८०५ साली छापली. आपण ती आधीपासून वापरतो, असा दावा पुढे गाउसने केला आणि दोघांत चांगलीच जुंपली. मध्य आणि रुंदी अज्ञात असली की एका फटक्यात उत्तर निघत नाही, पावलापावलाने शोधत जावं लागतं. त्यासाठी लेव्हनबर्गची १९४४ ची आणि मार्क्वार्टची १९६३ ची युक्ती आजही जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे. पहिला अंदाज भलताच दिला, तर ती भलत्याच जागी थांबते आणि तेही पूर्ण आत्मविश्वासाने.

काही ठिकाणी कुठलीच युक्ती चालत नाही. गाळातल्या रेडियम-२२६ चा किरण १८६.२ वर येतो, युरेनियम-२३५ चा १८५.७ वर. चांगल्या डिटेक्टरमध्येही शिखराची रुंदी या अर्ध्या किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा जास्त असते. संगणकाला दोन घंटा बसवायला सांगितल्या तर तो मुकाट्याने बसवेल आणि दोन आकडे देईल. पण एक वाढवून दुसरा घटवला तरी जुळणी तेवढीच चांगली राहते, तेव्हा त्या आकड्यांना अर्थ नाही. म्हणून जाणकार डबी तीन-चार आठवडे हवाबंद करून ठेवतात, आत रेडॉन साचू देतात आणि त्याच्या वंशजाचं, बिस्मथ-२१४ चं, ६०९ वरचं मोकळं शिखर मोजतात. गणिताने जे सुटत नाही ते इथे बुचाने सुटतं.

रेडियम मोजायचं कारण असं, की गाळाच्या कणांत मुळातच थोडं रेडियम असतं आणि त्यापासून तिथल्या तिथे शिसे-२१० बनत राहतं. ते वजा केल्यावर आकाशातून आलेलं शिसं उरतं. घड्याळ म्हणून तेवढंच कामाचं.

आता कापांची खोली आडवी, हे उरलेलं शिसं उभं, असा आलेख काढला की घसरती वक्ररेषा मिळते. पूर्वी ती सेमी-लॉग कागदावर काढत, कारण त्यावर वक्राची सरळ रेषा होते आणि फूटपट्टी लावून उतार काढता येतो. आज तेच काम स्प्रेडशीटमध्ये एका क्लिकवर होतं, आणि माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त फसवणूक त्या एका क्लिकने होते. १०,००० टिचक्यांच्या थरात चूक एक टक्का, १०० टिचक्यांच्या थरात दहा टक्के. लॉगच्या कागदावर दोन्ही सारखेच ठिपके. वजन दिलं नाही तर तळाचे डळमळीत थर वरच्या भक्कम थरांच्या बरोबरीने मत देतात.

याहून वाईट पुढे आहे. अगदी खालच्या थरांत वजाबाकी शून्याच्या आसपास येते. एका थरात अधिक तीन, दुसऱ्यात उणे दोन, तिसऱ्यात अधिक चार. उणे आकड्याचा लॉग निघत नाही, म्हणून स्प्रेडशीट कुरकुरतं आणि काम करणारा तो ठिपका काढून टाकतो. यात लबाडी नसते, पण राहतात ते फक्त नशिबाने वर गेलेले ठिपके. शेपूट उचललं जातं, रेषेचा उतार मंदावतो. समजा, खरं तर दर २० सेंटिमीटरला शिसं निम्मं होत होतं आणि आता रेषा २४ सांगते. मग ३० सेंटिमीटर खोलीवरच्या थराचं वय ३३ वर्षांऐवजी साडेसत्तावीस निघतं. साडेपाच वर्षांचा फरक! एमआयडीसीची स्थापना १९६२ ची, वागळे इस्टेट हे तिच्या सुरुवातीच्या क्षेत्रांपैकी एक, आणि खाडीपलीकडचा ठाणे-बेलापूर पट्टाही त्याच दशकात उभा राहत होता. एखाद्या थरातला पारा कारखान्यांच्या आधीचा की नंतरचा, हे अशा साडेपाच वर्षांत फिरू शकतं. उपाय सोपा आहे. लॉग घ्यायचाच नाही, घसरता वक्र थेट बसवायचा, प्रत्येक ठिपक्याला त्याच्या चुकीनुसार वजन द्यायचं आणि उणे ठिपकेही ठेवायचे. तेही साक्षीदारच आहेत.

शिवाय खाडी काही शांत तळं नव्हे. भरती-ओहोटी गाळ हलवते, खेकडे आणि निवट्या वरचा थर उकरतात, पावसाळ्यात गाळाची आवक वाढते. वरचे काही सेंटिमीटर सरमिसळ झाले असतील, तर तिथले ठिपके सरळ रेषेवर येत नाहीत, आडवे पसरतात. म्हणून बसवलेल्या रेषेपेक्षा तिच्यापासून ठिपके किती आणि कुठे सुटले ते आधी पाहावं. सुटलेले ठिपके वरखाली विखुरलेले असतील तर ठीक. सलग सात-आठ एकाच बाजूला असतील तर सूत्रच चुकलं आहे. गाळ एकसारख्या गतीने साचला हे गृहीत मोडलं, तर ॲपलबी आणि ओल्डफिल्ड यांनी १९७८ साली मांडलेलं दुसरं सूत्र घेतात. त्यात आकाशातून येणारं शिसं दरवर्षी तेवढंच आणि गाळाची गती बदलती मानलेली असते. एकाच थराला दोन सूत्रांनी दोन सालं येतात, हे पाहून नवखा घाबरतो.

पडताळ्याला सीझियम-१३७ असतं. हवेतल्या अणुचाचण्यांचा जोर १९६१-६२ मध्ये होता, त्यामुळे गाळात सीझियमचं टोक साधारण १९६३ ला येतं. ठाणे खाडीत हा पडताळा जपून घ्यावा लागतो. खाडी मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातलं प्रक्रिया केलेलं, कमी किरणोत्साराचं पाणीही त्याच बंदरात सोडलं जातं, आणि भरती सगळं ढवळते. सीझियमचं टोक दिसलं की लगेच ‘त्रेसष्ट’ म्हणून मोकळं होता येत नाही.

अलीकडे ही सगळी गणितं एकत्र करतात. २०१८ साली आलेली ‘प्लम’ ही बेजच्या संभाव्यतेवर आधारलेली पद्धत आधी वजाबाकी आणि मग रेषा असं करत नाही. रेडियमपासूनचं शिसं, आकाशातलं शिसं आणि गाळाची गती ती एकदमच शोधते, आणि प्रत्येक थराला एका सालाऐवजी सालांचा पट्टा देते. वर तो अरुंद असतो, खाली जाता जाता चांगलाच रुंदावतो. जुन्या स्तंभांनाही ही पद्धत लावता येते, पण निबंधात नुसती सालं न छापता प्रत्येक कापाचा मोजलेला किरणोत्सार, घनता आणि चूक यांचा तक्ता दिलेला असेल तरच.